बोट न लागलेली नाणी

तो आत आला तेव्हा मी चांदीच्या लगडीवर बर्फाचा खडा ठेवून बघत बसले होते.

दार ढकलून तो उभा राहिला. हातातल्या ओल्या छत्रीचं काय करावं हे काही त्याला कळेना. मग माझ्याकडे, लगडीकडे आणि बर्फाकडे पाहून म्हणाला, "कुणाला ताप आलाय का?"

"लगडीला," मी वर न बघताच म्हणाले. "खरी चांदी असेल तर बर्फाचं बघता बघता पाणी होतं. खोटी असेल तर खडा तसाच बसून राहतो. काही काही गिऱ्हाइकांसारखा."

"म्हणजे मी बसू नको?"

आता मात्र मी वर पाहिलं. त्याच्या चष्म्यावर बाहेरचं सगळं धुकं जमलं होतं. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसू लागला आणि पुसता पुसता माझ्याकडे बघत राहिला. चष्म्याशिवाय त्याला माझा चेहरा धड दिसतही नसणार. तरी दोन क्षण जास्तच बघितलं त्याने... आणि मी बर्फाकडे बघायचं विसरले. लगड खरी निघाली की खोटी, हे त्या दिवशी मला पुन्हा तपासावं लागलं.

त्याला खरं तर शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात जायचं होतं. ते बंद होतं, म्हणून पाऊस थांबेपर्यंत तो आमच्याकडे शिरला. आमचं म्हणजे माझ्या मामाचं दुकान. पुढे लांबट खोली, तिच्यात लाकडी काउंटर, वजनकाट्याचं कपाट आणि मी. मागे पडद्याआड भट्टी आणि मामा. लोक जुनी चांदी आणतात, मी तिचा टंच काढते, म्हणजे तिच्यात खरी चांदी किती ते सांगते, आणि मामा ती विकत घेऊन गाळतो.

"माझं चष्म्यांचं दुकान आहे, पुलापलीकडे," तो म्हणाला. "घरी आत्याची नाणी पडलीत. चांदीची. कशाकशाच्या स्मरणार्थ काढतात ना, तसली. दर वर्षी एक मागवायची. आत्या तीन महिन्यांपूर्वी गेली. मला काचा घासायचं नवं मशीन घ्यायचंय, तर म्हटलं..."

"स्मारक नाण्यांना दोन भाव असतात," मी मास्तरणीसारखी सांगायला लागले. "एक धातूचा. नाण्याचं वजन गुणिले टंच गुणिले आजचा दर. अठ्ठावीस ग्रॅमचं नाणं आणि हजारात नऊशे पंचवीस भाग चांदी, तर आत चांदी भरते सव्वीस ग्रॅमला जरा कमी. नाण्यावर किती किंमत छापलीय त्याला कुणी विचारत नाही. दुसरा हौसेचा भाव. नाणं आरशासारखं कोरं असेल, डबी सीलबंद असेल, तर जमवणारे धातूच्या तिप्पट देतात. पण एकदा का बोट लागलं, की हौसेचा भाव गेला. बोटाचा घाम चांदीत उतरतो. आज दिसत नाही, काही महिन्यांनी ठसा वर येतो, आणि मग पुसून जात नाही."

"आणि माणसाचे किती भाव असतात?"

"पाऊस थांबलाय," मी म्हणाले.

छत्तीस नाणी होती. शहाणा माणूस एका खेपेत छत्तीस नाणी आणतो. हा सहा-सहा घेऊन यायला लागला, आठवड्यातून दोनदा, भर दुपारी, मामाच्या जेवणाच्या वेळेला.

पहिली सहा सुरेख होती. सगळ्या पारदर्शक डब्या टाकसाळीच्या कागदी पट्टीने बंद, पट्टीला कुठे सुरकुतीसुद्धा नाही. दिव्याखाली तिरकी धरली की नाण्याच्या गुळगुळीत पाटीत माझा चेहरा दिसायचा. मी त्याला हौसेचा भाव सांगितला. त्याने भाव ऐकलाच नाही.

"तुमचा डोळा तपासू का? फुकट," तो म्हणाला. "उजवा मिटा. काय दिसतंय?"

"एक थापाड्या."

"बरोबर. तुम्हाला नंबर नाही."

दुसऱ्या खेपेला गंमत संपली.

सातवं नाणं कोरं होतं. आठव्यात, अगदी कडेला, मला डाग दिसला. भिंग लावलं. डाग नव्हता, ठसा होता. मुगाएवढा... तपकिरी-निळा... रेघा इतक्या बारीक, की जणू केसांनी काढल्यात. तान्ह्या बाळाचा अंगठा.

"आत्यांनी हे उघडलेलं दिसतंय," मी म्हणाले. "घरात बाळ होतं का कुणी?"

"आत्याच्या घरात बाळ म्हणजे मीच. आणि या सालात मी चार वर्षांचा घोडा होतो. पण उघडेल कशी? आत्या डब्यांना मलाही हात लावू द्यायची नाही."

मी पट्टी बघितली. शाबूत होती. टाकसाळीचा शिक्का पट्टीवर अर्धा आणि डबीवर अर्धा, एका रेषेत. ती डबी आजवर कुणीही उघडली नव्हती. नवव्या नाण्यात तोच ठसा होता, जरासा मोठा. दहाव्यात त्याहून मोठा. बाराव्या नाण्याशी आले तेव्हा दुकानात एकाएकी गारठा आला आणि माझा उजवा अंगठा बर्फात धरल्यासारखा बधिर झाला. फक्त अंगठा. बाकीची चार बोटं उबदार होती.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही. यांना आता फक्त धातूचा भाव मिळेल, एवढंच."

तिसऱ्या खेपेची नाणी मी त्याच्यासमोर नीट बघितलीच नाहीत. का कोण जाणे, धीर झाला नाही. तो गेल्यावर दाराला कडी घातली आणि एकेक डबी दिव्याखाली घेतली. तेरा, चौदा, पंधरा, सोळा. ठसा वाढत होता, पोरं वाढतात तसा. सतराव्यात त्या ठशावर एक आडवी रेघ होती. मधोमध चिरत गेलेली, आणि शेवटी आकड्यासारखी वळलेली.

नऊ वर्षांची असताना डब्याच्या पत्र्याने माझा अंगठा कापला होता. तीन टाके पडले. त्याची खूण अजून आहे. तिरकी रेघ, शेवटी आकडा.

नाण्यावरचं साल मी नऊ वर्षांची होते तेच होतं. मी मागे मोजत गेले. आठव्या नाण्याचं साल, पहिल्या ठशाचं साल... माझ्या जन्माचं.

मी मामाच्या शिक्क्याच्या शाईत अंगठा बुडवला, कोऱ्या कागदावर उमटवला आणि भिंगाखाली दोन्ही शेजारी धरले. तोच भोवरा, तेच फाटे, तोच आकडा. रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजत होते, चार वाजले होते, बाहेर चांगला उजेड होता, आणि मला वाटत होतं की दुकानात माझ्यामागे कुणीतरी माझ्याच वयाचं उभं आहे.

मामाला सांगायचा प्रयत्न केला. मामा म्हणाला, "भाचीबाई, दिवसभर भिंगातून बघितलं की भिंतीवरही अंगठे दिसतात. त्या चष्मेवाल्याकडेच जाऊन डोळे दाखव. तसाही तो तेवढ्यासाठीच येतो." मग गंभीर होऊन म्हणाला, "सगळ्या खेपा आल्या की ठसेवाली त्या शनिवारी मुशीत टाकून गाळू. दर चढलाय."

मुशीत! म्हणजे माझं पहिलं वर्ष, माझं नववं वर्ष, सगळं लालभडक रसात... मी "बघू" म्हणाले आणि नाणी कपाटात सर्वांत आत ढकलली. चावी ओढणीच्या टोकाला बांधून ठेवली. हसू नका. त्या दिवसांत तुम्ही माझ्या जागी असता तर गिळून टाकली असती.

चौथ्या आणि पाचव्या खेपेला तो येत गेला आणि मी हसत गेले. त्याने माझ्यासाठी एक छोटं भिंग स्वतः घासून आणलं, पितळी कडीत बसवलेलं. "तुमच्या भिंगाला ओरखडा आहे. सगळं जग तुम्हाला ओरखड्यातून दिसत असणार." मी त्याच भिंगातून माझी वर्षं बघितली. बाविसाव्या वर्षाचा ठसा जागोजागी पुसट होता. त्याच वर्षी मी दुकानात लागले आणि पहिल्याच महिन्यात तेजाबाने माझी बोटं सोलवटली होती. नाण्याला तेही माहीत होतं. आणि प्रत्येक नाण्याबरोबर माझा अंगठा गार पडायचा, नि तो काउंटरपलीकडून काहीतरी खुळचट बोलायचा की परत ऊब यायची. भीती आणि प्रेम एकाच वेळी चढतात तेव्हा कशाने छाती धडधडतेय हेच कळत नाही. मी त्याच्या प्रेमात पडले होते. हे मला शेवटच्या खेपेच्या शुक्रवारची वाट बघताना कळलं, कारण मला शुक्रवार हवाही होता आणि नकोही होता.

शेवटच्या खेपेला धुकं इतकं होतं की समोरचा फूटपाथ दिसत नव्हता. त्याने सहा डब्या ओळीने मांडल्या.

एकतीस ते पस्तीस, सगळ्यांत मी होते. पस्तिसावं या सालचं. छत्तिसाव्यावर पुढचं साल होतं.

"टाकसाळ पुढच्या वर्षाचं नाणं आधीच पाठवते," तो म्हणाला. "आत्याने पैसे भरून ठेवले होते. ती गेल्यावर पंधरा दिवसांनी पोस्टाने आलं."

मी छत्तिसावं उचललं. तिरकं धरलं. पुन्हा धरलं. दिवा बदलला.

काही नव्हतं. ते कोरं होतं. पहिल्या सात नाण्यांसारखं, मी जन्मले नव्हते तेव्हाच्या नाण्यांसारखं कोरं.

मी काउंटरला धरून उभी राहिले.

"हे तर मस्त आहे की!" तो खूश होऊन म्हणाला. "याला हौसेचा भाव मिळेल ना?"

"हो," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

तो काउंटर ओलांडून आत आला. गिऱ्हाइकाने आत यायचं नसतं, हा मामाचा पहिला नियम. मी त्याला सगळं सांगितलं. कसं सांगितलं, कोणत्या क्रमाने, मला आठवत नाही. शाईचा कागदही दाखवला. शेवटी म्हणाले, "मी जन्मायच्या आधीची नाणी कोरी आहेत. आणि पुढच्या वर्षाचं कोरं आहे. कळतंय ना... याचा अर्थ काय ते?"

मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. त्याने माझा हात धरला, पहिल्यांदा, आणि अंगठा भिंगाखाली घेतला. मग सतरावं नाणं. मग पुन्हा अंगठा. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"आत्या..." तो हळूच म्हणाला. "दर वर्षी नाणं आलं की आत्या खिडकीत जाऊन उजेडात धरायची. म्हणायची, पोरगी वाढतेय हो. मला वाटायचं, नाण्यावर एखाद्या मुलीचं चित्र असेल. आणि एका वर्षी, मी तेरा वर्षांचा होतो, आत्या दिवसभर जेवली नाही. विचारलं तर म्हणाली, पोरीच्या हाताला लागलंय रे."

पडद्यामागे भट्टीचा पंखा घुमत होता.

"ओळखत होत्या का त्या मला?" मी विचारलं.

"घराबाहेर फारशी पडायची नाही. नाही... नसणार. पण बघत होती. नाणं हातात पडायचा अवकाश, पहिली ती बघायची." तो थांबला. "छत्तिसावं आलं तेव्हा बघायला ती नव्हतीच. मी डबी तशीच खोक्यात टाकली. कदाचित... बघणारं माणूस गेलं म्हणून ते कोरं राहिलं असेल."

"की बघायचं माणूस जाणार म्हणून?"

एकदम त्याने छत्तिसावी डबी उचलली आणि अंगठ्याच्या नखाने कागदी पट्टी टर्रकन फाडली.

"अहो! काय करताय!" मी किंचाळले. मरणाची भीती होती तरी आत धंदा जागा होता. "त्याला हात लावू नका... हौसेचा भाव..."

"खड्ड्यात गेला हौसेचा भाव." त्याने नाणं कडेने धरून माझ्यासमोर केलं. "अंगठा लावा."

"असा जबरदस्तीने लावून काय होणार?"

"ते मला नाही माहीत. मला एवढंच माहीत आहे की मी आठवड्यातून दोनदा सहा-सहा नाणी घेऊन का येत होतो. सगळी एकदम आणली असती तर दुसऱ्या दिवशी यायला निमित्त उरलं नसतं. मला तुमचं पुढचं वर्ष हवंय. त्याच्या पुढचंही. आत्या बघायची, आता मी बघेन. दर वर्षी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "लाव ना गं."

त्या 'गं'ने काम केलं. मी अंगठा टेकवला.

नाणं गार असायला हवं होतं. ते गार नव्हतं. आणि मी शपथेवर सांगते, मी दाबलं तेव्हा आतल्या बाजूनेही कुणीतरी तितक्याच जोराने अंगठा टेकवला. ओढून घ्यावासा वाटला. मी घेतला नाही. त्याच्या डोळ्यांत बघत राहिले, दहा मोजेपर्यंत. मग हात काढला, तर त्याने लगेच शेजारी स्वतःचा अंगठा दाबला.

"तुझा कशाला?"

"तू एकटी कशाला राहशील तिथे?"

नाण्यावर वाफेसारखे दोन डाग होते. ते आमच्यादेखत आटले. आधी माझा, मग त्याचा. पाटी पुन्हा कोरी. तेवढ्यात पडदा सरकला आणि मामा बाहेर आला. हौसेच्या भावाचं नाणं, फाटलेली पट्टी, उघडी बोटं आणि आत घुसलेलं गिऱ्हाईक, हे सगळं त्याने एका नजरेत पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"भाचीबाई! तू? पाच वर्षं माझ्या हाताखाली काढून?"

"मामा, चूक माझी आहे," तो म्हणाला.

"मामा कुणाला म्हणतोस?"

"तुम्हालाच. आता सवय करून घेतो."

शनिवारी मुशीत काही पडलं नाही. कोरी सात नाणी मामानेच एका जमवणाऱ्याला हौसेच्या भावाने विकून दिली. तेवढ्यात नवं मशीन येईना. जुनं अजून पाच वर्षं रेटू, असं चष्मेवाला म्हणाला आणि उरलेली एकोणतीस नाणी घेऊन घरी गेला. मीही गेले त्याच्या घरी, तीन महिन्यांनी, लग्न करून.

पुढचं साल लागलं त्या सकाळी मी डोळे उघडून बराच वेळ छताकडे बघत पडले होते. श्वास येतोय, जातोय. शेजारी तो जागाच होता. "आहेस?" त्याने विचारलं. "आहे," मी म्हणाले. रोज सकाळी तो हेच विचारायचा आणि मी हेच सांगायचे. दुपारी दुकानातून घरी येऊन छत्तिसावं नाणं खिडकीत धरायचा. जानेवारीत कोरं. फेब्रुवारीत कोरं. मी जिन्यावर कठडा धरून उतरायला लागले, रस्ता ओलांडताना चारदा बघायला लागले, आणि पाणी पितानाही ठसका लागेल म्हणून घाबरायला लागले. रात्री तो माझ्या मनगटावर बोटं ठेवून झोपायचा. मला ते कळायचं, पण मी कळल्याचं दाखवायची नाही.

एप्रिलमधल्या एका दुपारी खिडकीतून त्याची हाक आली. आवाज विचित्र होता. मी धावले नाही, चालत गेले.

"उमटला," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघ. आकडा. तुझाच आहे."

मी भिंग घेतलं. होता. तिरकी रेघ, शेवटी आकडा, ठसठशीत. शेजारी त्याचा, रुंद, जरा वाकडा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या छातीत श्वास पुरता शिरला. मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि दोघंही खुळ्यासारखे हसायला लागलो.

मग मी पुन्हा बघितलं. उगाच. आणि हसू ओठांवरच थांबलं.

"तू नंतर कधी डबी उघडली होतीस?"

"नाही. का?"

मी भिंग त्याच्या हातात दिलं आणि नखाने जागा दाखवली. आमच्या दोन ठशांच्या मध्ये, कडेला... मुगाएवढा, तपकिरी-निळा, केसांनी काढल्यासारख्या रेघांचा.

त्याने भिंग पुसलं. पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात दिवस मोजले, आणि मोजता मोजता माझे कान गरम झाले. मला माहीत नव्हतं. खरंच, तोपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

"हा आपण नाही लावला," तो कुजबुजला.

"नाही."

बराच वेळ आम्ही त्या खिडकीत उभे होतो. अंगावर काटा होता, आणि कुणालाच तो जायला नको होता. शेवटी त्याने डबी जपून कपाटात ठेवली, छत्री घेतली आणि माझ्या चपला माझ्या पायांपुढे आणून मांडल्या.

"चल," तो म्हणाला. "आधी डॉक्टर गाठू. मामाला उद्या सांगू."